रोगाची खबर वर का पोहोचत नाही?

गोठ्यातील जनावर आजारी पडले, की ते सर्वप्रथम कळते धार काढणाऱ्या हाताला. गाय वैरण टाकते, रवंथ थांबते, दुधाला लिटर-दीड लिटरची उतार पडते आणि घरातील बाई संध्याकाळपर्यंत सांगते, की हिचे काहीतरी बिनसले आहे. शासनाला हीच गोष्ट कळायला कधी चार दिवस लागतात, कधी तीन आठवडे, तर कधी ती कळतच नाही. या दोन कळण्यांमधील अंतर कमी व्हावे म्हणून गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपण तालुक्याच्या दवाखान्यांना संगणक दिले, कर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीत ॲप दिले, जनावरांच्या कानात बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले बसविले, १९६२ हा मदत क्रमांक सुरू केला. ही साधने उपयोगाची आहेत. त्यांना नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु खबर अडते ती साधनांच्या अभावी नाही, खबरीच्या परिणामांमुळे अडते, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या पशुधनाच्या कारभारात रोगाची खबर जो प्रथम देतो, त्याचेच बहुधा नुकसान होते. पशुपालकाचे होते, पशुवैद्यकाचे होते, जिल्ह्याचे होते आणि राज्याचेही होते. ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याला तोटा आहे, त्या व्यवस्थेत कितीही उत्तम ॲप असले, तरी त्यात भरली जाणारी माहिती उशिराचीच राहणार.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटी ६८ लाख पशुधन आहे. त्यात गोवंश १९ कोटी ३५ लाख, म्हशी सुमारे ११ कोटी आणि शेळ्या जवळजवळ १५ कोटी. कोंबड्या-बदके ८५ कोटींवर आहेत, ती वेगळी. एकविसाव्या गणनेला ऑक्टोबर २०२४मध्ये प्रारंभ झाला आणि तिच्यात भटक्या पशुपालकांच्या कळपांची प्रथमच स्वतंत्र नोंद घेण्यात आली. कृषी क्षेत्राच्या मूल्यवर्धनात पशुधनाचा वाटा आता तीस टक्क्यांच्या आसपास आहे. त्या मानाने केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाची २०२५-२६ची अर्थसंकल्पीय तरतूद ४,८४० कोटी रुपयांची होती. राज्ये आपापल्या तिजोरीतून खर्च करतात तो निराळा, तरीही वाटा आणि तरतूद यांची तुलना एकदा मनाशी करून पाहावी.

या पसाऱ्याचा कारभार कोणाकडे आहे? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पंधराव्या नोंदीत पशुधनाचे जतन व सुधारणा, जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय शिक्षण व व्यवसाय हे विषय येतात. समवर्ती सूचीतील एकोणतिसावी नोंद सांसर्गिक रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देण्याविषयी आहे. म्हणजे रोग राज्याच्या हद्दीत असेपर्यंत तो राज्याचा आणि हद्द ओलांडू लागला की केंद्राचाही. कागदावर ही विभागणी सुबक दिसते. गोचीड, चावणारी माशी आणि बाजारला निघालेला टेम्पो यांना मात्र ती ठाऊक नसते. प्रत्यक्षात झाले आहे ते असे, की पैसा, लस आणि उद्दिष्ट बऱ्याच अंशी केंद्राकडून येते. माणसे, वाहने आणि दवाखान्याची गळकी कौले राज्याच्या वाट्याला येतात. महाराष्ट्रासारख्या राज्यात तर राज्य शासनाचे दवाखाने आणि जिल्हा परिषदेचे दवाखाने अशा दोन समांतर शाखा दीर्घकाळ नांदत आल्या. गावच्या माणसाला या सगळ्याशी कर्तव्य नसते. त्याला एकच गोष्ट हवी असते: बोलावले, की माणूस यावा.

सांसर्गिक रोगांसाठी २००९चा केंद्रीय कायदा आहे. जनावरांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण हा त्याचा विषय. अनुसूचित रोगाचा संशय आला, की पशुपालकाने ग्रामअधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे, आजारी जनावर वेगळे बांधावे, ते चरायला वा पाण्यावर इतरांत मिसळू देऊ नये, अशी कर्तव्ये कायद्याने त्याच्यावर टाकली आहेत. ग्रामअधिकाऱ्याने पशुवैद्यकाला कळवावे, पशुवैद्यकाने वर कळवावे, अशी साखळीही आखून दिली आहे. कर्तव्यात कसूर केल्यास मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कळविणाऱ्याला काय मिळेल, याची हमी मात्र नाही. बाजार बंद होईल, वाहतूक थांबेल, गाव बाधित म्हणून जाहीर होईल, हे सर्व त्यात आहे. त्या बंदीचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे नाही. पशुपालक हिशेबी माणूस असतो. दंडाचे हजार रुपये आणि बाजार बंद झाल्याने बसणारा फटका यांची तुलना त्याला कोणी शिकवावी लागत नाही.

लम्पी चर्मरोगाने हे सारे उघडे पाडले. हा रोग भारतात प्रथम ऑगस्ट २०१९मध्ये ओडिशात नोंदला गेला. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने त्याचे निदान पक्के केले. २०२०मध्ये तो गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूने महाराष्ट्रात दिसला. तेव्हा मरतूक अल्प होती. जनावरे गाठींनी भरत, ताप येई, दूध आटे आणि काही आठवड्यांनी बहुतेक बरी होत. त्यामुळे त्याची दहशत बसली नाही. मग २०२२च्या उन्हाळ्यात कच्छमधून रोगाने उग्र रूप धारण केले आणि पश्चिम राजस्थान, पंजाब, हरियाणा असा तो पसरला. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात त्याची नोंद झाली आणि सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने २००९च्या कायद्याचा आधार घेऊन संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित केले. त्या वर्षी देशभरात सरकारी नोंदींनुसारच दीड लाखाहून अधिक गोवंश दगावला. शेळ्यांच्या देवीची लस तोपर्यंत वापरात आली होती. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने इज्जतनगरच्या संस्थेच्या साहाय्याने तयार केलेली स्वदेशी लसही ऑगस्ट २०२२मध्येच जाहीर झाली. विज्ञानाने आपले काम फार उशिरा केले, असे म्हणता येणार नाही. पहिल्या नोंदीपासून महाप्रकोपापर्यंत तीन वर्षे आपल्या हाती होती आणि ती तीन वर्षे प्रशासनाच्या बाजूने बऱ्याच अंशी वाया गेली.

त्या काळात गाठी आलेल्या गाईच्या मालकापुढे काय वाढून ठेवले होते, ते पाहू. त्याने कळविले, तर परिसरातील आठवडी बाजार बंद होणार होता. शेजाऱ्याचा बैल विकायचा राहणार होता आणि त्याचा बोल याच्यावर येणार होता. रोगी गाईचे दूध घातक असल्याची अफवा पसरली होती; हा रोग माणसाला होत नाही, हे तज्ज्ञ वारंवार सांगत असूनही गिऱ्हाईक तुटत होते. गाय मेली तर भरपाई मिळेल की नाही, हे पहिल्या काही आठवड्यांत कोणालाच सांगता येत नव्हते. न कळविण्यात धोका एकच होता, तो म्हणजे गाय मरण्याचा, आणि तो तर कळवूनही होताच. अशा वेळी एखाद्याने गाईला हळद लावून मागच्या परसात बांधले आणि धट्टीकट्टी दिसणारी दुसरी गाय घाईघाईने विकून टाकली, तर त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी थांबावे असे मला वाटते. विकलेली ती गाय लक्षणे दिसण्यापूर्वीच्या अवस्थेत असू शकते आणि रोग पुढच्या तालुक्यात जाण्याची वाट हीच असते.

पुढे महाराष्ट्राने दगावलेल्या गाईसाठी ३०,०००, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय चांगलाच होता आणि त्याचा परिणामही दिसला: भरपाई मिळते हे कळल्यावर लोक नोंदीसाठी पुढे येऊ लागले. राजस्थानने २०२३मध्ये दुभत्या गाईमागे ४०,००० रुपये दिले. काही राज्यांनी कमी दिले, काहींनी दिलेच नाहीत. रोग एक, देश एक, गाईचे मोल मात्र जिल्ह्याच्या नकाशावर अवलंबून. त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की ही भरपाई मरणाची होती, खबरीची नव्हती. ज्याने पहिल्या दिवशी कळविले आणि ज्याने जनावर मेल्यावर कळविले, त्या दोघांना समान रक्कम. ज्याने वेळेवर कळवून जनावर वाचविले, त्याला काहीच नाही. दोन महिन्यांचे बुडालेले दूध आणि औषधांचा खर्च त्याचा त्यानेच सोसायचा.

याउलट कुक्कुटपालनाकडे पाहावे. फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. तेव्हापासून एक नियम रूढ झाला: रोग आटोक्यात आणण्यासाठी शासनाने जे पक्षी मारले, त्यांची भरपाई मिळते; आपोआप मेले त्यांची नाही. भरपाईचा भार केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. नियम वरकरणी कठोर वाटतो. पण त्यात एक व्यवहारज्ञान दडलेले आहे. मालकाने जितके लवकर कळवावे, तितके अधिक पक्षी जिवंत असताना मोजले जातात आणि तितकी भरपाई अधिक. केरळातील कुट्टनाडच्या बदकपालकांना गेल्या काही वर्षांत पुनःपुन्हा या संकटाला तोंड द्यावे लागले, त्यांना हा हिशेब पाठ आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर २०२०मध्ये आसाम व अरुणाचलात आला, तेव्हा डुकरांनाही असेच तत्त्व लागू झाले. तेथे अडचण वेगळी असते. रक्कम हाती पडायला वर्ष लागले, तर पुढच्या खेपेला रोगाचा वास येताच डुकरे रातोरात विकली जातात. भरपाईचा दर जितका महत्त्वाचा, तितकाच तिचा दिवसही.

गाई-म्हशींच्या बाबतीत पक्ष्यांचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. गोवंश मारून रोग थांबविण्याचा मार्ग आपल्याकडे कायद्याने आणि लोकभावनेने बंद आहे आणि त्यावर येथे वाद घालण्यात अर्थ नाही. परंतु त्यातील तत्त्व घेता येते: पैसा खबरीच्या तारखेशी बांधावा.

आता साखळीतील पुढचा दुवा पाहू. तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी किंवा खेड्यातला पशुधन पर्यवेक्षक यांच्याविषयी तक्रारी ऐकायला मिळतात, त्यांपैकी काही खऱ्याही असतात. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६मध्ये पाच हजार गोवंश एककांमागे एक पशुवैद्यक असे प्रमाण सुचविले होते. त्यानंतर अर्धशतक लोटले, तरी देशाच्या बहुतेक भागांत ते स्वप्नच आहे. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे पदविकाधारकाला पदवीधराच्या देखरेखीखाली किरकोळ उपचारच करता येतात. देखरेख करणारा मात्र तीस किलोमीटरवर आणि तीन दवाखान्यांच्या अतिरिक्त कार्यभाराखाली दबलेला असतो. या माणसाला महिन्याच्या आढावा बैठकीत काय विचारले जाते? लशीच्या किती मात्रा टोचल्या, कानात किती बिल्ले मारले, कृत्रिम रेतने किती झाली, त्यांच्या नोंदी ‘भारत पशुधन’ प्रणालीत चढल्या का. हे प्रश्न गैर नाहीत. परंतु ‘या महिन्यात तुम्ही कोणता संशयित रोग शोधून काढलात आणि किती नमुने प्रयोगशाळेत पाठविले?’ हा प्रश्न त्याच गांभीर्याने विचारला जाताना क्वचितच दिसतो.

येथे एक पेच आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. २०१९मध्ये लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात यांच्याविरुद्ध १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला; २०२५पर्यंत लसीकरणाच्या बळावर लाळ्या-खुरकूत नियंत्रणात आणणे आणि २०३०पर्यंत त्याचे उच्चाटन करणे हे त्याचे घोषित उद्दिष्ट. समजा, एखाद्या गावात कागदावर शंभरपैकी पंचाण्णव जनावरांना लस टोचली आहे. दोन महिन्यांनी त्याच गावात चार बैलांच्या तोंडाला फेस आला आणि खुरांत जखमा झाल्या. पर्यवेक्षकाने हे लेखी कळविले, तर पहिला प्रश्न येतो: मग तुम्ही लस टोचली होती की नाही? शीतसाखळी तुटली असेल, लशीतील विषाणुप्रकार आणि गावात आलेला प्रकार यांचा मेळ बसला नसेल, दुसरी मात्रा चुकली असेल, नव्याने आणलेले जनावर रोग घेऊन आले असेल. शास्त्रीय कारणे अनेक असतात. खुलासा मात्र एकाच माणसाकडून मागितला जातो. परिणामी तो तोंडी सांगतो, जखमा धुवायला पोटॅशचे पाणी आणि खुरांना मलम देतो, चार दिवसांत बैल चालू लागतात आणि नोंदवहीत ‘किरकोळ उपचार’ एवढेच उरते. ज्या कार्यक्रमाला रोग कोठे टिकून आहे हे कळायला हवे, त्याच कार्यक्रमाचे मूल्यमापन ती माहिती दडविण्यास भाग पाडते.

हे असेच चालत आले आहे असे मात्र नाही. याच देशाने बुळकांडी संपविली आहे. ज्या रोगाच्या धास्तीतून १८८९मध्ये पुण्यात जीवाणुशास्त्राची शाही प्रयोगशाळा उभी राहिली (पुढे ती मुक्तेश्वरला गेली आणि आज तीच इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था आहे), तो रोग २००६मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारतातून हद्दपार झाल्याचे मान्य केले आणि २०११मध्ये तो पृथ्वीवरून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. १९५४पासून बुळकांडीविरुद्ध सरसकट लसीकरण चालू होते. त्याने मरतूक प्रचंड घटली, पण रोग काही केल्या संपेना. नव्वदच्या दशकात धोरण बदलले. लसीकरण टप्प्याटप्प्याने थांबविण्यात आले आणि गावोगाव, कळपांच्या वाटावाटांवर फिरून रोगाचा शोध घेण्यात आला. तोंड आले, हगवण लागली असे जनावर दिसले, की नमुना घ्यायचा, मग ते बुळकांडीचे निघो वा नसो. शेवटचा उद्रेक १९९५चा. मोजायची गोष्ट बदलली, तेव्हा निकाल बदलला.

माणसांच्या देवीचा इतिहासही असाच आहे. निर्मूलनाच्या अखेरच्या पर्वात रुग्ण कळविणाऱ्याला रोख बक्षीस होते. रुग्ण दुर्मिळ होत गेले तसे ते वाढवीत १९७५मध्ये १,००० रुपयांपर्यंत नेण्यात आले. त्या काळी ही मोठी रक्कम होती. एका खबरीमागे हजार रुपये देणाऱ्या शासनाला खबरीचे मोल कळले होते.

खालून वर जाताना शेवटचा दुवा राज्याचा. महाराष्ट्रासह काही राज्यांत लाळ्या-खुरकूतमुक्त पट्टे निर्माण करण्याचा केंद्राचा प्रयत्न आहे. त्यात यश आले, तर दूध व मांस निर्यातीची दारे खुली होतील. पण येथेही तोच धोका. मुक्त पट्ट्यासाठी झगडणाऱ्या राज्यात एखादा उद्रेक नोंदविणे म्हणजे साऱ्यांच्या आशेवर पाणी टाकणे, अशी भावना बळावू शकते. आंतरराष्ट्रीय मान्यता टोचलेल्या मात्रांच्या आकड्यावर मिळत नाही. रोग खरोखर नाही याचा पुरावा, म्हणजे शोधमोहीम, नमुने, प्रयोगशाळेचे अहवाल आणि जनावरांच्या वाहतुकीवरील नियंत्रण, हे सारे दाखवावे लागते. ज्या राज्यातून वर्षभर एकही संशयित नमुना येत नाही, ते राज्य परीक्षकाला निरोगी वाटत नाही, झोपलेले वाटते.

वाहतुकीचा प्रश्न तर स्वतंत्र लेखाचा आहे. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो बैलगाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. एका कारखान्याच्या तळावर चार जिल्ह्यांचे बैल दावणीला दावण लावून सहा महिने बांधलेले असतात. धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात. राजस्थानातील राईका मेंढ्या-उंट घेऊन हरियाणा-मध्य प्रदेशापर्यंत येतात. या कळपांना कोणत्या दवाखान्याचे कार्यक्षेत्र म्हणायचे? कार्यक्षेत्राच्या नकाशावर ती जनावरे कोठेच नसतात आणि त्यांच्यात पीपीआर आला, तर त्याची नोंद मुक्कामाच्या तालुक्याला आपल्या नावावर नको असते. कानातील बिल्ल्याचा खरा उपयोग येथे आहे. महाराष्ट्राने जून २०२४पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री व वाहतुकीला मनाई केली, हे पाऊल योग्यच. फक्त जनावर विकले गेल्यावर मालकाचे नाव बदलण्याची नोंद बाजारातच, दाखला फाडतानाच व्हायला हवी. अन्यथा बिल्ला वाशीमच्या मालकाचे नाव सांगत राहतो आणि गाय बेळगावच्या गोठ्यात आजारी पडते.

तर करावे काय? केंद्र व राज्ये यांनी मिळून अनुसूचित रोगांसाठी एकच भरपाई-सूत्र ठरवावे आणि ते उद्रेकापूर्वी जाहीर करावे. उद्रेकानंतर मंत्रिमंडळाच्या निर्णयाची वाट पाहणे हाच विलंब आहे. सूत्रात तीन टप्पे असू शकतात. लक्षणे दिसल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत कळविले व जनावर वाचले, तर वेगळे बांधण्याच्या काळातील दुधाचा ठरावीक मोबदला. वेळेत कळवूनही दगावले, तर पूर्ण रक्कम. मेल्यावर कळविले, तर कमी. बाजार बंद झाल्याने त्या परिघातील निरोगी जनावरांच्या मालकांचे जे अडते, त्यासाठी निदान चाऱ्याची मदत.

यावर आक्षेप येणार हे उघड आहे. म्हातारी गाय मेली, तरी लम्पीच्या नावाने पैसे उचलले जातील, असे म्हटले जाते आणि असे प्रकार घडतील हेही खरे. पण बिल्ला आहे, लसीकरणाची नोंद आहे, नमुना तपासता येतो आणि चांगल्या संकरित गाईची बाजारातील किंमत आज भरपाईच्या रकमेच्या कितीतरी पुढे आहे. पैशासाठी कोणी दुभती गाय मरू देणार नाही. काही रक्कम चुकीच्या हाती जाईल. एका दडविलेल्या उद्रेकाची किंमत त्याहून अधिक असते, हे २०२२ने शिकविले. पशुधन विम्यात पशुपालकाचा हप्त्यातील वाटा २०२४पासून पंधरा टक्क्यांवर आणला आहे, तो मार्गही आहेच. मात्र विमा हा मालकाच्या तोट्याचा उपाय आहे. शेजाऱ्याच्या गोठ्याला मिळणाऱ्या इशाऱ्याचे मोल विमा कंपनी देत नाही. ते सार्वजनिक तिजोरीनेच द्यायला हवे.

दुसरी गोष्ट खर्चाची नाही, रिवाजाची आहे. रोगाची नोंद आणि कर्मचाऱ्याचे मूल्यमापन यांची फारकत करावी. लस टोचलेल्या गावात रोग आढळला, तर तो कळविणाऱ्याकडून खुलासा मागू नये. चौकशी करायचीच तर लशीच्या साठ्याची, शीतपेटीची आणि विषाणुप्रकाराची करावी. पाठविलेल्या नमुन्याचा निकाल पाठविणाऱ्याला आणि गोठ्याच्या मालकाला ठरावीक दिवसांत मिळालाच पाहिजे. आज अनेकदा नमुना जातो तो जातोच. उत्तर येत नाही. दोनदा असे झाले, की तिसऱ्यांदा कोणी नमुना घेत नाही. बंगळुरूची पशुरोग माहितीशास्त्र संस्था महत्त्वाच्या रोगांचा दोन महिने आधी जिल्हानिहाय अंदाज देते. तो अंदाज तालुक्यापर्यंत पोहोचतो का आणि तो बरोबर ठरला की चुकला हे कोणी पडताळते का, हाही तपासण्याचा विषय आहे.

हे धोरणाचे झाले. विस्तार कार्यकर्त्यांना आणि जाणत्या पशुपालकांना मात्र शासन-निर्णयाची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. गावातील सहकारी असो वा खासगी, दूध संकलन केंद्राच्या वहीत प्रत्येक घराचे सकाळ-संध्याकाळचे लिटर लिहिलेले असतात. ताप आलेल्या गाईचे दूध गाठी येण्याआधी, फेस येण्याआधी उतरते. एकाच आळीतील चार-पाच घरांचे दूध दोन दिवसांत एकदम कमी झाले, तर ती वही पशुवैद्यकाच्या आधी बोललेली असते. केंद्राच्या सचिवाला ती कशी वाचायची हे अर्ध्या तासात शिकविता येते. उतार दिसताच १९६२वर फोन करायचा, दवाखान्याला लेखी कळवायचे, त्या कागदाची तारीख घातलेली पोच घ्यायची आणि तिची एक प्रत पशुपालकाकडे राहू द्यायची. भरपाईचे सूत्र पुढे कधी खबरीच्या तारखेशी बांधले गेले, तर ती तारीख सिद्ध करणारा कागद त्या घरात असेल.